तिकीट दाखवा, वाण घ्या

यंदाच्या संक्रांतीला मी हळदीकुंकवाच्या आमंत्रणात एक अट घातली. भोपाळच्या सोनागिरी वस्तीतल्या आमच्या मराठी बायकांनी हॉलवर बसने यायचं, आणि जी बसचं तिकीट दाखवेल तिलाच वाण. इतकी वर्षं आम्ही प्लॅस्टिकच्या डब्या आणि गाळण्या लुटत आलो. त्या सगळ्या कुठे गेल्या असतील याचा विचार केला की मला घाम फुटतो. म्हटलं, या वर्षी जरा शहाण्यासारखं वागू.

खरं कारण माझ्या समोरच्या दारात राहत होतं. ती मुलगी अमरावतीकडची, मंडीदीपला औषधांच्या कारखान्यात तपासणी विभागात कामाला. पूर्वी थेट बस होती. ती बंद झाली, आता मध्ये उतरून दुसरी धरायची, आणि वर भाडं वाढवलेलं. त्या दिवसापासून तिच्या घरात एकच विषय. नवरा म्हणायचा, पगाराचा एवढा लचका जर भाड्यातच जाणार असेल तर सोड ती नोकरी, नाहीतर हप्त्यावर स्कूटी घेऊ, पेट्रोल टाकूनही स्वस्त पडते. हिशेब त्याचा बरोबर होता, हेच तर संतापजनक. तिला मात्र त्या रस्त्यावरचे ट्रक रोज बसच्या खिडकीतून दिसत होते. एकदा जिन्यात मला थांबवून म्हणाली, "काकू, मला नोकरीही सोडायची नाही आणि ट्रकाखालीही जायचं नाही. मधलं काही आहे का?"

मधलं होतं. स्वस्त बस. एवढी साधी गोष्ट मागायला मोहीम काढावी लागते, हा माझा पहिला राग. दुसरा राग उन्हाळ्याचा. भोपाळला आता एप्रिलपासूनच भिंती तापतात, पंखा गरम हवाच फिरवतो, आणि भेटेल तो म्हणतो, हवामान फार बिघडलंय हो. म्हणतो कुठून, तर चार माणसांच्या गाडीत एकटा बसून, काच चढवून.

तोंड वर करून बोलते खरी, पण मी नवी नवरी म्हणून नागपूरहून इथे आले तेव्हा काय नग होते ते सांगायला हवं. आमच्या ह्यांनी आपल्या कारखान्यातून कर्ज काढून स्कूटर घेतली. बाजार डावीकडे असला तरी मी ह्यांना उजवीकडून न्यायला लावायची, कारण तिकडे बस स्टॉप होता. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर रांगेत उभी होते त्या बायकांसमोरून मी मान ताठ करून, राणीसारखी जायची. एकदा पदर चाकात गेला आणि राणी त्याच रांगेपुढे आडवी. त्याच बायकांनी उचललं, धूळ झटकली. उठल्यावर त्या बावळट मुलीने पहिलं काय विचारलं असेल? स्कूटरला ओरखडा तर नाही ना आला.

तर हळदीकुंकू. भाडेवाढ ज्यांच्या हातात आहे असे एक साहेब आमच्यापैकी एकीच्या ओळखीचे निघाले. हळदीकुंकवाला पुरुष पाहुणा म्हणून काहींनी नाकं मुरडली. मी म्हटलं, त्यांना कुंकू लावणार नाही, ऐकवणार आहे. बोलणार होती समोरच्या दारातली. त्या दिवशी ती लवकर सुटून परस्पर हॉलवर येणार होती.

बायका आल्या. प्रत्येकीच्या हातात तिकीट. मी खूश. मग बाहेर हॉर्न ऐकू यायला लागले म्हणून पाहिलं, तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्याच गाड्या. एकीला विचारलं, "अगं, तिकीट आहे ना तुझ्याकडे?"

"आहे की. मागच्या स्टॉपवर चढले. हे गाडी घेऊन बसच्या मागोमाग आले, किल्ली माझ्या हातात देऊन चहाला गेले."

"म्हणजे वाणासाठी बस, आणि घरी जायला गाडी?"

"काकू, ही पैठणी नेसून परत बसमध्ये कोण चढणार?"

ही एकटी नव्हती. बहुतेकींनी हेच केलं होतं. त्या गाड्यांच्या मध्ये बिचारी एक बस अडकून पडली होती, आणि तिच्यात आमची वक्ती. स्वस्त बससाठी आम्ही बसच अडवून ठेवली होती. मला हसूही आलं आणि एकेकीच्या हातातलं वाण हिसकावून घ्यावंसंही वाटलं.

इकडे येऊन बसलेल्या साहेबांनी माझ्याकडून उन्हाळा आणि भाडं दोन्ही ऐकलं, तिळगूळ खाल्ला, घड्याळ पाहिलं. "अम्माजी, मौसम तो ऊपरवाले के हाथ में है. किराये से उसका क्या लेना-देना?"

"मौसम ऊपरवाले के हाथ में है, किराया तो आपके हाथ में है. उतना ही कर दीजिए."

ते उठले. पण त्यांची गाडीही आमच्याच गाड्यांच्या आत अडकलेली. ड्रायव्हर येऊन म्हणाला, "साहब, निकल नहीं पाएगी." मी बायकांना मराठीत सांगितलं, "ती येऊन बोलेपर्यंत एकीनेही किल्ली काढायची नाही." पैठणीवालीने पर्स मांडीखाली घेतली. तेवढ्यापुरतं मी तिला माफ केलं.

ती अडकलेल्या बसमधून उतरून चालत आली, घामाघूम, कारखान्याचं ओळखपत्र गळ्यात तसंच. पाणीसुद्धा न पिता बोलली. "सर, मैं बस से जाना चाहती हूँ. आप लोग मुझे स्कूटी पर भेज रहे हैं. मेरे साथ वाली लड़कियाँ चली भी गईं, अब बस खाली जाती है तो आप कहते हैं घाटा है." साहेब म्हणाले, "देखते हैं." ती म्हणाली, "सोमवार को मेरे साथ चलकर देखिए." ते हसले. सगळे मोठे लोक हसतात तसंच, दात न दाखवता.

सोमवारी ते आले नाहीत. मी गेले तिच्याबरोबर, पैठणीवालीही आली, साध्या साडीत. नंतर आम्ही अर्ज दिले, सह्या गोळा केल्या, कलेक्टर कचेरीत तक्रारी ऐकतात त्या मंगळवारच्या जनसुनवाईत जाऊन बसलो. भाडं तेवढंच राहिलं.

होळीनंतर तिच्या दारात स्कूटी आली. हँडलला झेंडूचा हार, सीटवर कुंकवाचं स्वस्तिक. तिने पेढा पुढे केला. मी तो पदराला बांधला. एक बाई बसने जायला तयार होती, हट्टाने तयार होती, आणि आपण सगळ्यांनी मिळून तिला धूर सोडत ट्रकांच्या मध्ये पाठवलं. वर तिच्याकडूनच पेढे घेतले.

आता ती पोचली की मला फोनवर एक टिंब पाठवते. लिहायला वेळ नसतो. टिंब येईपर्यंत मी भाजी चिरत नाही, सुरी हातात नको वाटते.

परवा मंगळवारी पुन्हा जनसुनवाईत गेले. टेबलामागचा माणूस म्हणाला, "अम्मा, अब किसके लिए? उसने तो गाड़ी ले ली."

मी म्हटलं, "वही गाड़ी बिकवानी है." आणि त्याच्यासमोरची खुर्ची ओढून बसले.