शिंग मागे असलेली शेळी

ऐका बायांनो, पण हसलात तर प्रसाद मिळायचा नाही, सांगून ठेवते! चूक माझी होती, कबूल. पण सगळी माझीच? छे!

आमचे हे फौजेबरोबर दूर मुलखात गेलेले. सुखरूप परतावेत म्हणून मी नेम धरला. परसातल्या अनंताचं एक फूल रोज विष्णूला, थेट अनंत चतुर्दशीपर्यंत. फूल घरच्याच झाडाचं हवं, मागून आणलेलं चालायचं नाही.

नेम धरला त्याच दुपारी झाडाशी घूं घूं! बघते तर काय, अंगावर हिरवागार शालू, कमरेला तांबडा पट्टा, पंख अभ्रकासारखे आरपार. भर उन्हात फुलापुढे अधांतरी उभी! भुंगा म्हणावा तर असला थाट नाही, पाखरू म्हणावं तर चोच नाही. मग देवीच नाही का? पानापानाला टेकत होती, मला वाटलं आशीर्वाद देतेय. मागाहून पानांखाली हिरवट मोत्यांसारखे दाणे दिसले. प्रसादच तो, मी हात लावला नाही.

मी हळदकुंकू वाहिलं, झाडाशी तांदळाची ओटी भरली आणि हात जोडून चांगलं मोठ्यानं म्हटलं, "लेकराबाळांसकट पुन्हा ये गं आई, घर तुझंच आहे."

थोड्याच दिवसांत अनंताची पानं गायब! कळ्या गळायला लागल्या. नेम मोडला तर ह्यांचं काय? आणि झाडाखाली बघते तर काळ्या, बारीक लेंड्या! आता तुम्हीच सांगा, लेंड्या कोण टाकतं?

मी तडक भिंतीपलीकडच्या सगुणाबाईंच्या दारात. "अहो, तुमची शेळी माझ्या कुंकवावर उठलीय!"

"शेळी खुंट्याला आहे. आणि शेंड्याची पानं खायला काय शिडी लावून चढली?"

"मग लेंड्या आभाळातून पडल्या? कोतवालाकडे जाईन मी!"

"जा की. लेंड्या पदरात बांधून न्या, पुरावा मागतात तिथे."

बघा! वर हे ऐकून घ्यायचं!

सगुणाबाई आल्या, फांदी वाकवली. पानावर पानासारखीच हिरवी, बोटभर अळी, शेपटीला टोकदार शिंग. आमच्या डोळ्यांदेखत तिनं एक लेंडी टाकली.

"ही घ्या तुमची शेळी. शिंगसुद्धा आहे, जरा मागे फुटलंय एवढंच."

नेमात जीव कसा मारायचा? पोट भरल्यावर अळ्या आपणच पाचोळ्यात उतरल्या. एक सगुणाबाईंनी मातीसकट परडीखाली झाकली. झाडाला लेंडीखत घातलं, तेही सगुणाबाईंच्या खुंट्यावरच्या शेळीचं! मला रोज एक फूल कसंबसं मिळत राहिलं.

परडीखालच्या अळीचा तपकिरी कोष झाला. एका सकाळी तो फुटला. आतून जी बाहेर आली, तिच्या पंखांवर राख फासलेली होती. जरा फडफडून ती झडली, आणि खाली अभ्रक! हिरवा शालू! तांबडा पट्टा!

माझे हात आपसूक जोडले गेले, ते मी पटकन पदराखाली घेतले. सगुणाबाई म्हणाल्या, "काय हो, ओळखीची दिसतेय?"

चतुर्दशीनंतर हे सुखरूप परतले. झाड बघून म्हणाले, "हे कुणी खाल्लं?"

"पाहुण्यांनी."

"असल्या पाहुण्यांना बोलावलं कुणी?"

मी गूळपाणी आणायला आत पळाले. तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आलाच, "ओटी भरून बोलावलंय, भावजी! लेकराबाळांसकट!"