मुका चाकू

घडीच्या चाकूची परीक्षा धारेवर करतात ते अडाणी, असं चाकूवाला येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. त्याची परीक्षा कानानं. पातं मुठीत मिटताना पाठीची पोलादी पट्टी 'खट्' म्हणाली पाहिजे. एकदाच आणि स्वच्छ. नुसतं 'थप्' झालं की त्याच्या लेखी चाकू मुका. अशा चाकूवर तो आपला चांदणीचा शिक्का मारत नसे. गिऱ्हाइकं महिनोन् महिने थांबायची आणि याची मान आणखी ताठ व्हायची.

खरं तर काम दोघांचं होतं. पातं घडवणं, तापवून तेलात बुडवणं, पट्टी बसवणं हे त्याचं. तात्पुरती खीळ घालून तो खटका ऐकायचा नि चाकू बायकोकडे सरकवायचा. ती मूठ चढवायची, कायमची खीळ ठोकायची, घासूनपुसून परत द्यायची. मग मुठीच्या पितळेवर शिक्का. तिच्या कामाला तो 'वरवरचं' म्हणायचा, तेही तिच्या तोंडावर.

पंधरा वर्षांपूर्वी तिनं एक चाकू पहिल्यापासून शेवटपर्यंत एकटीनं केला. दुपारी तो आडवा झाला की ती भट्टीशी बसायची. तीन महिने लागले. स्वतःसाठी पानाचा छोटा शिक्काही तिनं कोरून ठेवला होता.

"बघा बरं," ती म्हणाली. "पास झाला तर पान मारते."

त्यानं चाकू कानाशी धरून मिटला. पुन्हा मिटला. "मुका आहे. हे तुझं काम नव्हे."

शिक्का चिंध्यांच्या डब्यात गेला नि चाकू स्वयंपाकघरात. तिथे तो रोज बटाटे सोलत राहिला.

यंदा मुलीनं धरूनबांधून बापाला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई म्हणाल्या, "बारीक, टोकदार आवाज तुमच्या कानांनी केव्हाच सोडलेत. वीसेक वर्षं तरी झाली असतील."

"काहीतरीच!" म्हणून तो हसला. पण कानात यंत्र घालून घरी आला, तर दाराची कडी करकरली, स्वतःच्या चपला फटफट वाजू लागल्या. आणि आतून आवाज आला, खट्.

बायको बटाटे सोलून चाकू मिटत होती.

"पुन्हा मिट."

खट्.

तो कामाच्या खोलीत गेला. सकाळीच त्यानं पास केलेले, मूठ चढायची बाकी असलेले दोन चाकू तिथे पडले होते. एक मिटला. थप्. दुसराही थप्. आपल्या चाकूंचा 'खट्' तो इतकी वर्षं मनातच ऐकत आला होता. मग शिक्का मारलेला, विकायला तयार चाकू पेटीतून काढून मिटला. खट्.

ती दारात येऊन उभी होती. "मूठ चढवायच्या आधी मी खीळ काढते," ती म्हणाली, "आणि पात्याची टाच, पट्टीला टेकणारं बूड, दगडावर घासते. पट्टी नीट बसेपर्यंत."

"कधीपासून?"

"माझा चाकू मुका ठरला, त्याच्या पुढच्या वर्षापासून. एक गिऱ्हाईक तुमचा चाकू मुका म्हणून परत घेऊन आलं होतं. तेव्हा कळलं. त्याआधी वाटायचं, माझाच कान चुकतोय."

"अगं, मग सांगायचं नाहीस का?"

"सांगितलं की. तुम्ही म्हणालात, तुला काय कळतं खटक्यातलं."

त्याला ते आठवतही नव्हतं. त्याचीच त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली.

त्यानं चिंध्यांचा डबा उपसला. पानाचा शिक्का सापडला, त्यावरचा गंज त्यानं सदऱ्यानं पुसला. तिचा चाकू ऐरणीवर ठेवला आणि हातोडी तिच्या हातात दिली. तिनं शिक्का पितळेवर टेकवला. पण पंधरा वर्षांच्या वापरानं पितळ गुळगुळीत, गोलसर झालं होतं. शिक्का घसरला. पुन्हा टेकवला, पुन्हा घसरला.

"थांब, मी धरतो."

"नको," ती म्हणाली. "तुम्ही धरलंत तर ते माझं कसं?"

तिनं हातोडी खाली ठेवली, चाकू उचलला आणि आत गेली. तो चाकू अजून बिनशिक्क्याचाच आहे. दिवसातून दोनदा ती भाजी चिरते आणि मिटून ठेवते, आणि आता ते त्याला दरवेळी ऐकू येतं.