नत्थूभाऊंनी न पाहिलेलं झाड

नागपूरच्या गोळीबार चौकातले नत्थूभाऊ पराते गेली बावीस वर्षं टूरिस्ट टॅक्सी चालवतात आणि गेली बावीस वर्षं थापा मारतात. दोन्ही कामं मन लावून. जन्मले कोष्ट्याच्या घरात, पण मागावर बसणं काही त्यांच्या पिंडाला मानवलं नाही. मागावरचा धोटा दिवसभर धावून तिथल्या तिथेच राहतो, यांना जवळच्या सावनेरच्याही पुढे धावायचं होतं.

नागपूरहून पाच-सहा तासांवर, सातपुड्यात, डोंगरमाथ्यावर एक राष्ट्रीय उद्यान आहे. तिथली साल वृक्षाची झाडं बघायला लोक जातात आणि त्यातल्या एका जुन्या झाडाचा भारी बोलबाला आहे. "सायब, सहा माणसं हाताले हात धरून उभी राहिली तरी कवेत मावत नाही. भर दुपारी बुडाशी टॉर्च लागते!" हे मी स्वतः नत्थूभाऊंच्या गाडीत बसून ऐकलंय आणि मुकाट मान डोलावलीय. गंमत अशी, की नत्थूभाऊंनी ते झाड कधी पाहिलंच नव्हतं. खासगी गाडी फाटकापर्यंतच जाते. सवाऱ्या उद्यानाच्या जीपमध्ये बसून आत जायच्या आणि नत्थूभाऊ सीट मागे पाडून घोरायचे. परतताना सवाऱ्या जे बोलतील, त्याला थोडी फोडणी द्यायची आणि पुढच्या सवारीला वाढायचं, असा कारभार.

सवारीला थाप मारली तर ती उतरून जाते. बायको उतरत नाही. घरी सिंधूवहिनींनाही त्यांनी तेच ऐकवलं होतं. मुलीचं, काजलचं, लग्न उरकलं आणि वहिनींनी फर्मान काढलं, "आता मले ते झाड दाखवा. तुमच्यासंगच पाहीन." आधी पावसाळ्याचं कारण झालं, मग वाघाचं, मग क्लचचं. फेब्रुवारीत कारणं संपली.

फाटकावरचा चौकीदार लांबूनच ओरडला, "नत्थूभाई, सवारी कहाँ है?"

"यही है," वहिनींकडे बोट दाखवत हे म्हणाले.

"तो भाभीजी को बिठा दो और तुम सो जाओ. बाईस साल में अंदर पाँव नहीं रखा, आज क्या रखोगे!"

वहिनी नागपूरच्या. हिंदी त्यांना चांगलंच कळतं.

"तुम्ही पाहिलंच नाही?"

"नाही."

"मंग इतके वर्स मले काय सांगून राहिले होते?"

"सवाऱ्या सांगत, ते."

हे मला सांगतानासुद्धा वहिनींचा आवाज चढला होता. राग थापेचा नव्हताच. तिथेच, चौकीदारासमोर, वहिनी नवऱ्याला म्हणाल्या होत्या, "मी घरी मामंजींच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसे अन् मनात जळे, का हा माणूस काय काय पाहून येते! बावीस वर्स फुकट जळली ना मी! अन् तुम्ही इथं फाटकाशी झोपून राहिले होते!"

आणि मग वहिनींनी हाताला धरून त्यांना जीपकडे ओढलं. "चला. आता काहून थांबले?"

अर्ध्या तासाने जीप थांबली. गाइड घसा खाकरून सुरू झाला, "तो देखिए, ये पेड़..." जन्मात कुणाला ज्यांनी पुरतं बोलू दिलं नाही, त्या नत्थूभाऊंनी त्याच्यापुढे चक्क हात जोडले. "भैया, आज कुछ मत बताओ. इनको खुद देखने दो."

वहिनी मान मागे टाकून बराच वेळ बघत राहिल्या. "मोठं आहे," त्या म्हणाल्या, "पण तुमचं याच्याहून मोठं होतं जी."

वर बघता बघता नत्थूभाऊंचे डोळे भरून आले होते.

"मले तं हेच लय मोठं वाटून राहिलं वं," ते म्हणाले. "अजून थोडं थांबू."