संपाच्या आधी सोललेला काजू

काजूगराची साल काढायला मला बायने शिकवलं. बाय म्हणजे आमच्या शेडमधली सगळ्यांत जुनी कामगार. ख्रिस्ती, देवबागच्या बाजूची. लहानथोर सगळे तिला बायच म्हणायचे. मी सोलापूरकडची. सातवीत शाळा सुटली, लग्न झालं, नवऱ्याला चिऱ्याच्या खाणीवर काम मिळालं म्हणून मालवणच्या बाजूला आलो. पहिल्या दिवशी मी गर नखाने ओरबाडत होते, अर्ध्याहून जास्त तुटत होते. बायने माझा हात धरला आणि म्हणाली, "गो, चामडी काढतंस काय तेची? आंगठ्यान नुसतो दाब दी. गरम आसा तवसर तो आपसूक कपडे काढता." सगळ्या बायका खो खो हसल्या. मीही हसले, पण रात्रभर डोक्यात एकच, उद्या परत तुटले तर काढून टाकतील.

काढलं नाही. पाच वर्षं टिकले. राहायला खोली बायच्याच पडवीला मिळाली, मुलीला शाळेत घालताना बायच बरोबर आली. एवढे उपकार असलेल्या माणसांबद्दल आता जे लिहायचंय, ते लिहिताना हात अडखळतो.

आमचा कारखाना म्हणजे मोठं पत्र्याचं शेड. एका टोकाला बॉयलर, तिथे काजूबी वाफवायची. मग फोडणीच्या मशिनी, हाताने बी लावायची आणि पायाने दट्ट्या मारायचा. फोडणीवाल्यांच्या बोटांना बीचं तेल लागून कातडी जळते, म्हणून त्या हात राखेत घोळतात. फोडलेला गर ड्रायरमध्ये जातो आणि तिथून गरम गरम आमच्या पुढ्यात येतो. सोलणीच्या आम्ही चाळीस जणी. हवा दमट असेल आणि गर थंड झाला, तर साल परत चिकटून बसते. मग गर अख्खा निघत नाही, आणि दोन दिवस तसाच राहिला तर त्याला बुरशी धरते. त्यामुळे पावसाळ्यात पुढ्यातला गर संपवल्याशिवाय कोणी उठत नाही. कुणाच्या घरी पाहुणे असोत, कुणाचं पोट दुखत असो. हे कुणी शिकवलेलं नाही, तसंच चालत आलेलं.

पावसाळ्यात खाण बंद असते, नवरा घरी बसतो. तेव्हा आमच्या घरात येते ती माझी मजुरी, एवढंच. हे काम गेलं तर खोली सोडून परत जायचं, आणि मुलगी चौथीतून उठणार. मी सातवीतून उठले होते. मला तीच एक भीती होती आणि अजून आहे.

त्या पावसाळ्यात टेम्पोतून खोकी यायला लागली. आत चांदीसारख्या पिशव्या, पिशव्यांत सोललेला काजू. पांढराशुभ्र, एकसारखा, एकाही गरावर डाग नाही. मुकादम म्हणाले, हा नुसता भरायचा. आमच्याच पाकिटांत, "अस्सल मालवणी काजू" असं छापलेल्या. व्हिएतनामचा माल, असं ड्रायव्हर सांगून गेला.

बायने एक तोंडात टाकला. सगळ्या तिच्याकडे बघत होतो.

"काय गो, कसो आसा?"

"खडू खाल्ल्यासारो. वासच नाय तेका."

"गोरो आसा पण, बाय! तुझ्या सुनेसारो."

"सून निदान बोलता तरी."

हसलो खरं, पण त्या आठवड्यात ड्रायर दोनच दिवस चालला. पुढच्या आठवड्यात एक दिवस. अर्ध्या बायकांना दुपारीच घरी पाठवलं. शेठकडे गेलो तेव्हा शेठ चिडले नाहीत, उलट खुर्च्या द्यायला सांगितल्या. म्हणाले, "मी काय करू सांगा. तिकडे सगळं मशीन करतं. तयार गर इथे येऊन मला जेवढ्याला पडतो, तेवढ्यात तुमच्या हातून सोलून होत नाही. आणि मालवणात किल्ला बघायला आलेलं गिऱ्हाईक पाकीट उलटून वाचत नाही." शेठचं बोलणं मला खोटं वाटलं नाही. त्यामुळेच जास्त धडकी भरली.

मग युनियन झाली. कुडाळहून एक भाऊ मोटारसायकलवरून यायचे, भिजून चिंब, चष्मा पुसत पुसत बोलायचे. मागणी साधी होती. गावागावातून घेतलेली काजूबी गोदामात आहे, ती इथेच फोडा, इथेच सोला, वर्षभर काम द्या आणि बाहेरचा गर आमच्या नावाच्या पाकिटात भरू नका. निवेदन द्यायला ओरोसला, जिल्ह्याच्या सरकारी ऑफिसात गेलो. एसटीत सगळ्या जोरात होत्या, पण ऑफिसच्या पायऱ्या चढल्यावर आवाज बसले. तिथे बोलायची मराठी वेगळी. बायने मला पुढे ढकललं. "तू वाच गो. तुझी भाषा सायबासारी आसा."

शेडमध्ये याच भाषेवरून मला घाटणी, म्हणजे घाटावरची, म्हणायचे. मी काही मनावर घेत नसे. पण त्या दिवशी कागद हातात घेऊन उभी राहिले, सातवीत सुटलेलं वाचन, एकेक अक्षर बोट ठेवून वाचलं. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर एकीने मला भजी चारली, दुसरीने आपल्या डोक्यातला गजरा काढून माझ्या केसांत खोवला. परक्या मुलखात इतकं माझं कुणी केलं नव्हतं. घाटणी पण आपलीच, असं म्हणत होत्या.

शेठने उत्तर दिलं नाही. तेव्हा संपाची नोटीस दिली. चौदा दिवसांनी, मंगळवारपासून, काम बंद.

दुसऱ्याच दिवशी बॉयलर पहाटे पेटला. मुकादमांनी फोडणीला दुप्पट बी लावली. गोदामातली पोती भराभर बाहेर निघाली. ड्रायर थांबेनाच. आमच्या पुढ्यात गराचे ढीग. इतके दिवस काम नाही म्हणून रडणाऱ्या आम्ही, समोर गरम गर बघून हरखलो. बोटं आपोआप चालायला लागली.

माझी आई सोलापुरात विड्या वळायची. तिच्या तरुणपणी त्यांनी मोठा संप केला होता. मी तिला फोन करून सगळं सांगितलं, जरा फुशारकीनेच. ती म्हणाली, "काम चालू हाय व्हय अजून?"

"हो, भरपूर. रोज सात वाजेपर्यंत."

"अगं येडे. माल संपवून संप करतात का? आम्ही वळलेल्या विड्या घरात दाबून ठिवल्या हुत्या. कारखान्यात एक जुडी दिली नाही. माल आपल्याकडं अडकला म्हणून मालक बोलाय आला. तू जा, सांग त्यास्नी. उद्याच्याला सांग."

बायकांना काय सांगायचं, ते वाक्य मी रात्री दहा वेळा जुळवलं. गोदामातली बी संपली की शेठना आपली गरजच राहणार नाही. गणपतीच्या ऑर्डरी तर बाहेरच्या खोक्यांतून भागतील. आज उठायचं, अर्धा माल तसाच टाकून उठायचं. एवढंच सांगायचं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी तोंड उघडलं. "आमच्याकडे सोलापूरला ना..." इतकंच म्हणाले, तर एक जण म्हणाली, "इला गो सोलापूर! घाटावरची गोष्ट घाटार ठेव, हयसर भाकरी खा." हसणं झालं. वाईट मनाने बोलली नाही ती, तिनेच ओरोसला गजरा दिला होता. पण मी गप्प बसले. मला वाटलं, आत्ता कुठे आपली म्हणायला लागल्यात, उगाच शहाणपणा कशाला? आणि खरं सांगते, दुसरंही एक मनात होतं. माल टाकून उठलो आणि शेठनी पहिली मलाच काढली तर? माझं इथे घर नाही, शेत नाही.

एकदा मुकादम जवळून जात असताना कुणीतरी विचारलं, "काय मुकादमानू, आता बरी घाई झाली तुमका?" ते म्हणाले, "तुमचाच संप, तुमीच संपवा सगळा." आणि हसले. ते हसू मला कळलं. आणखी कुणाला कळलं का, माहीत नाही.

शेवटच्या शनिवारी भाऊ आले होते. ढीग बघून त्यांचाही चेहरा जरा उतरला. म्हणाले, "हे एवढं कशाला? नोटीस दिलीय ना, हात जरा आखडते घ्या." तीच वेळ होती. मी बोलायला हवं होतं. पण बाय म्हणाली, "म्हणजे काय करतलंव भाऊ? फोडून झालेलो गर आसा, तो कुसतलो. अन्न आसा ता. आमचा भांडण शेठवांगडा, अन्नावांगडा नाय." सगळ्यांनी मान डोलावली. भाऊ कुडाळचे, पूर्वी बँकेत होते. ड्रायरमधून निघालेला गर किती तास थांबतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. चष्मा पुसत ते मोटारसायकलकडे वळले.

रविवारी शेडला सुट्टी असते. त्या रविवारी सगळ्या आल्या. ख्रिस्ती बायका मिसा आटपून थेट आल्या, चर्चचे चांगले कपडे घालून, वर जुनं लुगडं बांधून सोलायला बसल्या. सोमवारी संध्याकाळी शेवटची पाटी रिकामी झाली. शेडमध्ये एक गर सोलायचा राहिला नाही. आम्ही जमीन झाडली, पाट्या धुऊन पालथ्या घातल्या, फोडणीच्या मशिनींवर गोणपाट झाकलं. एकीने जास्वंदीचं फूल वाहिलं. मुकादमांना हात जोडून बाहेर पडलो. मी मागे वळून रिकामं शेड बघत होते, बाकीच्या मात्र हलक्या मनाने चालल्या होत्या. कुणाचं काही बाकी ठेवलं नाही म्हणून.

मंगळवारी गेटवर बसलो. कुणी आत जायला आलंच नाही, आम्ही अडवणार कुणाला? शेठ गाडीतून आले, काच खाली करून म्हणाले, "पावसात कशाला बसता, आजारी पडाल." खोकी आता रोज शेठच्या घरी उतरत होती. ती पाकिटांत भरायला शेठच्या घरची माणसं आणि दोन नातेवाईक पुरत होते. घोषणा द्यायचो तेव्हा शेडमधून प्रतिध्वनी यायचा, इतकं ते रिकामं होतं. ओरोसला बोलणी झाली. शेठ वेळेवर आले, कागद घेऊन आले. गोदामात कच्चा माल शिल्लक नाही, नवीन घेणं परवडत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या. भाऊंनी डोकं धरलं.

अठराव्या दिवशी गेटवर कागद लागला. सोलणी आणि फोडणी बंद. पॅकिंगसाठी आठ जणी घेणार, त्यांची नावं खाली. मला वाचायला पुढे केलं. मी मोठ्याने वाचत गेले. सातवं नाव माझं होतं. ते मी वाचलं नाही, सरळ आठव्यावर गेले. पण मागून कुणीतरी मोजत होतं.

"एक कमी वाचलंस गो."

बायचं नाव यादीत नव्हतं.

त्या संध्याकाळी मी पडवीतून बायच्या स्वयंपाकघरात गेले. ती पेज ढवळत होती. मी आईच्या फोनचं सांगितलं. तेव्हाच सांगितलं होतं तिने, मला माहीत होतं, मी बोलले नाही, सगळं सांगितलं. मला वाटलं, शिव्या देईल, खोली सोड म्हणेल. मला तेच हवं होतं बहुतेक.

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "तू सांगला असतंस तरी आमी ऐकला नसता."

"तरी मी सांगायला हवं होतं, बाय."

"व्हया होता," ती म्हणाली. "सांगूक व्हया होता तुया." आणि पेज उतरवली.

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सोमवारी जा. चेडवाक शाळेतना काढू नको." मी म्हटलं, गेटवर तुम्ही सगळ्या बसणार, मी कशी तुमच्या पुढून आत जाऊ? युनियन फुटली म्हणतील. बाय म्हणाली, "फुटाक काय रवला गो?" पेजेचा एक पेला तिने माझ्यापुढेही ठेवला. माझ्याच्याने प्यायली गेली नाही.

सोमवारी मी गेले. रात्रीच नवऱ्याने विचारलं होतं, जाणार ना? मी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. पाऊस बारीक होता. गेटवर सगळ्या प्लास्टिकच्या कागदाखाली दाटीवाटीने बसल्या होत्या, वाट भरून. मी पाच पावलांवर थांबले. मला परत फिरता आलं असतं. पाय तसे वळलेही होते.

मग गजरेवाली उठली. तिने शेजारणीला कोपराने सरकवलं.

"सरा गो बाजूक," ती म्हणाली. "तिका आत जावंदे."

त्या सरकल्या. गुडघे आवळून, मान खाली घालून, एकेक करत. मी त्यांच्यामधून आत गेले.