पोळ्याच्या दिवशी लिलाव

"बैल नंबर एक. कुणी बोली लावणार का?" मी तिसऱ्यांदा विचारलं.

सभागृह गच्च भरलं होतं. पुढच्या रांगांत संत्र्याचे व्यापारी, बिल्डर, मिहानच्या उद्योगनगरीतल्या कंपन्यांचे मॅनेजर. सगळ्यांचे चेहरे प्रसन्न. कुणी बैलांचे फोटो काढत होतं, कुणी बायकोला व्हिडिओ कॉलवर दाखवत होतं. हात मात्र एकाचाही वर होत नव्हता.

लिलावात 'बेस प्राइस' असते. म्हणजे बोली जिथून सुरू होते ती रक्कम. ती खाली आणली की लोक पुढे सरसावतात, असं म्हणतात. मी तिथल्या तिथे ती निम्मी केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि पुन्हा हात मांडीवर ठेवले.

मी तेव्हा नागपुरातल्या एका खासगी विद्यापीठात पीआरओ होते. जनसंपर्क अधिकारी. चांगली बातमी पेपरात आणायची, वाईट येऊ द्यायची नाही, आणि मधल्या वेळात जे काम कुणालाच नको असतं ते करायचं. हा लिलाव त्या तिसऱ्या प्रकारातला.

सुरुवात झाली मॅस्कॉटपासून. आमचे कुलगुरू बरीच वर्षं परदेशात शिकवून आलेले. ते म्हणाले, "तिकडे प्रत्येक युनिव्हर्सिटीचा एक मॅस्कॉट असतो, पाठक मॅडम. शुभचिन्ह म्हणा. आपला काय आहे?"

"कॅन्टीनचा कुत्रा आहे, सर."

ते हसले नाहीत. विद्यार्थ्यांचं मतदान घेतलं. वाघ येणार हे मी धरून चालले होते, कारण आमच्याकडे पतसंस्थेपासून पाणीपुरीच्या गाडीपर्यंत सगळीकडे वाघच असतो. पण कृषी शाखेच्या मुलांनी एकगठ्ठा मतं टाकली आणि बैल निवडून आला.

याच सुमारास सायलीचा अर्ज माझ्या टेबलावर आला. सायली नागपूरजवळच्या खापा गावची. कायद्याच्या शेवटच्या वर्षाला, व्हीलचेअरवर. कायद्याची संदर्भ लायब्ररी दुसऱ्या माळ्यावर आणि तिथली पुस्तकं बाहेर मिळत नाहीत. दोन वर्षं तीन मैत्रिणी तिला खुर्चीसकट उचलून वर न्यायच्या. एकदा जिन्यात एकीचा पाय सटकला. कुणाला लागलं नाही, पण त्या दिवसापासून सायलीने वर जाणं बंद केलं. मैत्रिणी पानांचे फोटो काढून पाठवायच्या आणि ती मोबाइलवर वाचायची. अर्जात एकच ओळ होती: लायब्ररीला लिफ्ट हवी.

बिल्डिंग कमिटीचं उत्तर आलं, अर्धा खर्च बाहेरून उभा करा, अर्धा आम्ही देऊ. पुढच्या बैठकीपर्यंत जमलं नाही तर विषय पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी सायली पास होऊन गेलेली असणार.

मग कुलगुरूंना कल्पना सुचली. मॅस्कॉटचे बारा बैल बनवायचे, ते बारा कलाकारांनी रंगवायचे आणि त्यांचा लिलाव करायचा. मी सायलीला सांगितलं. ती म्हणाली, "चालेल मॅडम. पण पोस्टरवर माझं नाव नको, आणि मले स्टेजवर बोलवायचं नाही. माझ्यासाठी हात पसरलेले मले आवडत नाहीत." मी कबूल केलं.

एका शिल्पकाराने साचा केला आणि त्यातून कमरेइतके उंच बारा फायबरचे बैल काढले. हलवायला सोपं जावं म्हणून खाली चाकं. वर पांढरा प्रायमर. प्रायमर म्हणजे रंगाआधी द्यायचा हात. तो नीट बसला नाही तर वरचा रंग पापुद्र्यासारखा सुटतो. तीन बैलांचा सुटला.

कलाकारांना बोलावणं म्हणजे लग्नाच्या पत्रिका वाटणं. एकाला आधी दिली की दुसरा रुसतो. प्रत्येकाला एक 'ब्रीफ' दिलं होतं, म्हणजे काय करायचं आणि काय नाही याचा कागद. त्यात पहिलीच ओळ होती, बैलाचा आकार बदलू नये. आठव्या दिवशी अमूर्त चित्रं काढणाऱ्या सबनीस सरांकडे गेले, तर बैलाची शिंगं जमिनीवर पडलेली.

"सर, आकार बदलू नये असं लिहिलं होतं."

"बदललेला नाही," सबनीस सर करवत पुसत म्हणाले, "मी त्याला हिंसेतून मुक्त केलंय."

मुक्त बैलाची बेस प्राइस किती ठेवायची, हे मला कळेना.

एका बाईंनी बैलाला फुटक्या कपबश्या चिकटवल्या. फार देखणा दिसला, पण हात लावायची सोय उरली नाही. बाराव्या बैलासाठी मी इतवारी बाजारातल्या रामदासभाऊंना विचारलं. त्यांचा पिढीजात धंदा लाकडी बैल करण्याचा. यादी पाहून सबनीस सर म्हणाले, "हे आर्टिस्ट आहेत का?" मी म्हटलं, "सर, त्यांनी आजवर जितके बैल रंगवले तितके तुम्ही पाहिलेही नसतील."

रामदासभाऊंनी ब्रीफ वाचलं नाही. बैलाभोवती एक चक्कर मारली, पाठीवर थाप दिली आणि विचारलं, "लिलाव कधी हाये, मॅडम?"

"पोळ्याला."

"पोळ्याले?" त्यांनी बैलाच्या पाठीवरचा हात काढून घेतला. मग म्हणाले, "बरं."

नागपूरचा माणूस असं नुसतं 'बरं' म्हणाला की समोरच्याने थांबायला हवं. मी थांबले नाही. माझ्या डोक्यात प्रायमर होता.

तारीख मीच ठरवली होती आणि त्यावर खूशही होते. बैलाचा सण, बैलाचा लिलाव, वरून सुट्टी. माझा जन्म नागपुरातल्या महाल भागातला. माझ्या लेखी पोळा म्हणजे लाकडी बैल, त्याला बांधलेली सुतळी आणि नवा फ्रॉक. खरा बैल आमच्या दारात कधी बांधलेला नव्हता. ज्यांच्या दारात होता, त्यांनाच मी बैल विकत घ्यायला बोलावते आहे, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

पोळ्याच्या सकाळी रामदासभाऊ पूजेचं ताट घेऊन आले. सभागृहाच्या दाराला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं, बाराही बैलांना हळदकुंकू लावलं, शिंग नसलेल्यालासुद्धा. पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. मी धावत जाऊन फोटो काढले आणि प्रेसनोटला जोडून सगळ्या पाहुण्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. आपण स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतोय, याचा मला पत्ताच नव्हता.

तर, संध्याकाळ. बेस प्राइस निम्मी, हात शून्य. पहिल्या रांगेतले अण्णाजी उठले. नरखेडकडे त्यांच्या संत्रा-मोसंबीच्या बागा, नागपुरात मोठा व्यापार. सगळ्यात मोठी बोली त्यांचीच येईल असा आमचा हिशेब होता.

"मॅडम, माइक जरा बाजूले ठेवा," ते म्हणाले. "हे काय करून राहिल्या तुम्ही?"

"लिलाव, अण्णाजी."

"आज? आज आमी त्याच्या खांद्यावर जू ठेवत नाई. काल त्याचे खांदे शेकले, जेवाचं आवतन देल्लं. आज त्याले हातानं पुरणपोळी चारली. आन् आजच त्याले इकाले उभा कराचा?"

"पण हे फायबरचे आहेत."

"पूजा केली ना? फोटो तं तुमीच धाडला."

मागून दोनचार माना हलल्या. कुणी रागावलेलं नव्हतं. त्यांना माझी कीव येत होती, ते जास्त झोंबलं. कुलगुरू कानाशी येऊन म्हणाले, "पोस्टपोन करू या का?" मी म्हटलं, "सर, कमिटीची बैठक परवा आहे."

सायली बाजूच्या रांगेत बसली होती, इतर विद्यार्थ्यांसारखीच. तिने पाण्याची बाटली पिशवीत टाकली आणि खुर्चीचा ब्रेक सोडला. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. असं होणार हे तिने जणू धरूनच ठेवलं होतं. मला तिच्याकडे बघवेना. एका मुलीचं वर्ष मी पोळा समजून न घेता घालवलं होतं.

"एवढं तोंड काहून पाडता?" अण्णाजी म्हणाले. "इकू नका ना. फिरवा. उद्या तान्हा पोळा हाये. बैल दारात आला तं त्याले कोणी रिकाम्या हातानं धाडत नाई. बोजारा देतेत."

बोजारा म्हणजे पोळ्याला बैल घेऊन दारी येणाऱ्याला द्यायची भेट. खेड्यात ती गड्याला मिळते. तान्हा पोळा हा पोरांचा पोळा, दुसऱ्या दिवशीचा. त्यात लाकडी बैल ओढत आलेल्या पोरांना मिळते.

कुलगुरू गडबडले. "म्हणजे विद्यापीठाने दारोदार मागायचं?"

उत्तर आलं ते बाजूच्या रांगेतून. "सर, पोळ्यात मागत नाहीत," सायली म्हणाली. "बैल घेऊन फक्त उभं राह्यचं. द्यायचं काम त्यांचं." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "मी पण येते मॅडम. हे हात पसरणं नाही."

सबनीस सर उठले. "माझी कलाकृती रस्त्याने ओढत नेणार?"

"सर," रामदासभाऊ अगदी अदबीने म्हणाले, "तुमच्या बैलाले शिंगं नाईत. पोट्टे हासतीन जी. माह्याकडं लाकडाची हायेत. लावून देऊ का?"

सबनीस सरांनी बैलाच्या बोडक्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "सागवानी आहेत का?"

दुसऱ्या दिवशी जुन्या शहरात मारबतीची, म्हणजे रोगराई घालवायला काढतात त्या पुतळ्यांची मिरवणूक, तिकडे मुंगीलाही वाट नव्हती. आम्ही वर्धा रोडकडच्या लेआउटमध्ये, म्हणजे नव्या वसाहतींत फिरलो. एकेका बैलामागे कलाकार आणि पाचसहा विद्यार्थी. कुलगुरूंनी कपबशीवाल्या बैलाची दोरी धरली आणि दर स्पीडब्रेकरला "हळू, हळू" करत सुटले. रामदासभाऊंच्या बैलाची दोरी सायलीने खुर्चीच्या हाताला बांधली. मी तिच्या बाजूने चालत होते.

पहिल्याच घरातून एक बाई बाहेर आल्या. "कोनाचा बैल वं हा?"

"लायब्ररीचा," सायली म्हणाली.

"लायब्ररीले बैल कायले पाह्यजे?"

"लिफ्ट पाह्यजे, मावशी. पुस्तकं दुसऱ्या माळ्यावर हायेत, आन् मले जिना चढता येत नाही."

मला वाटलं, आता "अरेरे" येणार. बाई म्हणाल्या, "थांब वं, निरांजन आणते." आत गेल्या, ताट घेऊन आल्या, बैलाला ओवाळलं, सायलीच्या कपाळाला कुंकू लावलं, हातात पाकीट आणि पुरणपोळ्यांचा डबा दिला. मग कुंपणावरून शेजारणीला हाक मारली, "वं, लायब्ररीचा बैल आला, ये लवकर!"

दिवसभर मी कान देऊन होते. सायलीला 'बिचारी' असं एकदाही कुणी म्हटलं नाही. शेवटच्या घरापर्यंत तिचा आवाज इतका मोकळा झाला होता की आतली माणसं टीव्ही सोडून बाहेर येत होती. अण्णाजींनी बाराही बैल आपल्या दारात ओळीने उभे करून घेतले, स्वतः उपरणं खांद्यावर टाकून ओवाळले. पाकीट दिलं ते जाडजूड होतं. कमिटीने घातलेली अट त्याच दाराशी पूर्ण झाली.

बैलही पुढे विकले गेलेच. आठ दिवसांनी लेआउटवाल्यांचे फोन यायला लागले, "आमच्या दारात आलेला तो बैल द्यायचा आहे का?" लिलाव करावाच लागला नाही. लाकडी शिंगं बसवलेल्या बैलाच्या पाटीवर सबनीस सरांनी स्वतःच्या नावाखाली रामदासभाऊंचं नाव घातलं. मी सुचवलेलं नव्हतं.

लिफ्ट हिवाळ्यात बसली. उद्घाटनाला फीत, फुलं, फोटोग्राफर, सगळं मी जमवलं. मुहूर्ताची वेळ झाली तरी सायलीचा पत्ता नाही. कुलगुरू घड्याळ बघू लागले. लायब्ररीचा चौकीदार म्हणाला, "ते तं सकाळीच वर गेली जी. फितीच्या खालून."

आम्ही फीत कापली आणि वर गेलो. खिडकीजवळच्या टेबलावर चार जाडी पुस्तकं उघडी होती आणि सायली त्यांत बुडाली होती. आमच्याकडे तिचं लक्षही गेलं नाही. मला भडभडून आलं, आणि मी ते लपवलंही नाही. कुलगुरू हळूच म्हणाले, "चला मॅडम, तिला वाचू द्या." त्यांच्यासोबतच्या सगळ्या नोकरीत मला त्यांचं सगळ्यात आवडलेलं वाक्य हेच.

फंडरेझिंगच्या ट्रेनिंगमध्ये बऱ्याच गोष्टी शिकवतात. मला तिथे कुणी न शिकवलेली एकच गोष्ट कळली: ज्याच्या खिशात हात घालायचा, त्याच्या घरी त्या दिवशी काय शिजणार आहे ते आधी विचारून घ्यावं.