जायफळाची कॉफी

अगं, जरा जवळ सरक. तू अमेरिकेच्या त्या टोकाला बॉथेलला आणि मी या टोकाला कॅरीला, तरी सरक. रागवायचं तर माणूस हाताशी लागतं. काल फोनवर काय म्हणालीस? "मावशी, मीटिंगच्या नोट्स दर वेळी मीच घेते, सगळे म्हणतात मी छान लिहिते." वा, भाचीबाई! इंजिनियर झालात आणि कारकुनीत नाव काढलंत. तुला तरी काय बोलू म्हणा, मावशीवरच गेलीस.

मी इथल्या एका औषधांच्या लॅबमध्ये लागले, तेव्हा आमच्या गटात नऊ पुरुष आणि मी. बाई एकच आणि देशी एकच, म्हणजे एका माणसात दोन्हींची सोय. पहिल्याच सोमवारी मीटिंगआधी साहेब हसून म्हणाले, "आज कॉफी तू करशील का?" आता आपल्याकडे कुणी कॉफी मागितली आणि आपण पाणचट पुढे केली, तर माहेरचं नाव जातं! दुसऱ्या सोमवारी मी घरून पातेलं नेलं. जेवणाच्या खोलीतल्या विजेच्या शेगडीवर दूध आटवलं, साखर घातली, वर जायफळ किसलं. साहेबांनी एक घोट घेतला आणि डोळे मिटले. झाली माझी नेमणूक पक्की! सहा वर्षं, दर सोमवारी. जायफळाने झोप येते म्हणतात ना? प्यायले ते, झोपून राहिले मी.

घरीही कौतुकाला तोटा नव्हता. हे म्हणायचे, "दमलीस ना? मग दोघांना चहा टाक." हळदीकुंकवाला बायका विचारायच्या, "मुलांकडे कोण बघतं हो मग?" ह्यांना कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

मग गटाच्या मुख्याची जागा निघाली. मला ती हवी होती. फार हवी होती, आता या वयात काय लपवायचं? चुकलेल्या चाचण्या मी पकडायचे, नवीन माणसांना मी शिकवायचे. जागा मिळाली मीच शिकवलेल्या एका गृहस्थांना. साहेब मला म्हणाले, "तुम्ही भारतीय बायका किती शांत असता! माणसांवर ओरडणं तुला जमणार नाही." दोन मुलं, एक नवरा आणि सहा महिने राहायला आलेल्या सासूबाई सांभाळणारी मी, मला ओरडणं जमणार नव्हतं!

शेजारच्या विभागात एक आफ्रिकन-अमेरिकन केमिस्ट होती. तिच्यापुढे रडले, तर ती म्हणाली, "माझ्या पहिल्या दिवशी मला सफाईवाली समजून हातात झाडू दिला. मी तो भिंतीला टेकवला आणि विचारलं, माझं टेबल कुठलं? तुला नुसती कॉफी सांगितली, तर तू घरून भांडं घेऊन आलीस!"

त्याच संध्याकाळी पातेलं घरी आणलं.

सोमवारी वही घेऊन जागेवर बसले. साहेबांनी रिकाम्या टेबलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कॉफी?"

"हो, चालेल की," मी म्हटलं. "दूध जरा जास्त घाला."

गं बाई, सगळे एकमेकांकडे बघायला लागले! शेवटी नवे मुख्यच उठले. त्यांनी केलेली कॉफी म्हणजे गढूळ पाणी. मी दोन कप प्यायले.

जागा लगेच नाही मिळाली हं, सिनेमा नव्हता तो. दोन वर्षांनी ते गृहस्थ दुसरीकडे गेले आणि मी पुन्हा अर्ज केला. तोवर साहेब माझी कॉफी विसरले होते, त्यामुळे बिचाऱ्यांना माझं काम आठवलं.

तेव्हा येत्या मीटिंगला हात मांडीवर ठेवून बस. कुणी बघायला लागलंच, तर तूच विचार, "आज कोण लिहितंय?"

आणि एकदा ये गं इकडे, फार दिवस लावू नकोस. पातेलं अजून आहे, जायफळही आहे. तुझ्यासाठी मी हौसेने करीन. कधी येतेस?