सेम टू सेम घेऊन या

मित्र म्हणतात, तुझ्याकडे किस्से बरे जमतात. मी कुठे जमवायला जातो! मिरा रोडला माझं कान-नाक-घशाचं क्लिनिक आहे. लहान मुलं खेळता-खेळता जे काही श्वासनळीत ओढून घेतात, ते दुर्बिणीनं बाहेर काढायचं हे माझं काम. वस्तू निघते, तिच्यामागून किस्साही निघतो. त्यात हसं बहुतेक माझंच झालेलं असतं.

*

माझी एक सवय आहे. आत काय अडकलंय ते कळलं, की घरच्यांना तसलीच दुसरी वस्तू आणायला सांगतो. चिमटा आधी तिच्यावर बाहेर चालवून बघतो, म्हणजे आत हात चुकत नाही.

राई गावची एक कोळीण आजी नातीला घेऊन आली. शेंगदाणा असा बसला होता, की पोरीच्या एका फुप्फुसात हवाच जात नव्हती. मी म्हटलं, आजी, तसलाच एक दाणा आणा. आजीनं पिशवीभर आणले आणि मला नीट न्याहाळून विचारलं, "आत येकच हाय. तुला शिकाया येवढे पुरतील ना?"

पुरले. उरलेले स्टाफनं खाल्ले.

*

एका सोसायटीत मी भाषण दिलं, लहान मुलांना शेंगदाणे का देऊ नयेत. स्लाइड्स, एक्स-रे, सगळं दाखवलं. सेक्रेटरी भारावून गेले. मला शाल दिली आणि पुढे बसलेल्या सगळ्या चिल्ल्यापिल्ल्यांना चिक्की वाटली.

*

आमच्या घरी मुलगा झाल्यापासून पोह्यांत दाणे पडलेले नाहीत. परवा तो इंजिनीअरिंग कॉलेजातून आला आणि आईला म्हणाला, "बाबांना विचार, आता चालतील का?"

मी अजून विचार करतोय.

*

वरसाव्याच्या एका मुलानं खेळण्यातल्या गाडीचा बारीक दिवा ओढला होता. तो काढून मी घामाघूम बाहेर आलो. बाप पोराला बिलगून रडला, मग डोळे पुसत दिव्याकडे बघून म्हणाला, "साब, जलता है क्या?"

जळत होता. मी ऑपरेशन थिएटरमध्येच सेल लावून बघितलं होतं.

*

आणि मुर्धा गावची जुळी, ओम आणि सोहम. दोघंही आता धडधाकट शाळेत जातात, म्हणून हसून सांगतोय. चूं-चूं वाजणाऱ्या बुटाच्या टाचेतली शिटी ओमनं उपटली आणि थेट श्वासनळीत ओढली. प्रत्येक श्वासाला छातीतून चूं! वेटिंगमधली पोरं खिदळत होती. त्याची आई मात्र माझा हात धरून विचारत होती, "वाजतंय तोवर श्वास चालू आहे ना?" मी हो म्हटलं.

थिएटर तयार होईपर्यंत वडिलांना घरी पिटाळलं. म्हटलं, दुसऱ्या बुटातली शिटी घेऊन या, सेम टू सेम.

वडील धावत परतले. हात रिकामे, कडेवर सोहम.

मी वैतागलो. "अहो, सेम टू सेम शिटी मागितली होती, पोरगा नाही!"

"शिटीच आणलीय, डॉक्टर," ते धापा टाकत म्हणाले. "याच्या तोंडात आहे. देत नाहीये."